रिकाम्या खुर्चीला शाब्बास

ती पहिल्यांदा माझ्या वर्गात आली तेव्हा मी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. हेडमास्तर दारातूनच म्हणाले, "करड्या बाई, ही यंदाची तुमची उमेदवार," आणि पाठ फिरवून निघून गेले. करड्या बाई हे माझं शाळेतलं नाव. आवाजामुळे पडलं आणि पुढे केसांनीही त्याला साथ दिली.

उमेदवार म्हणजे काय, ते आधी सांगते. माझ्या काळी शाळा संपवून वर्षभराचा एक कोर्स केला की हातात खडू मिळायचा. आता लहान मुलांना शिकवायचं तर आधी पदवी लागते. त्यावर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, त्यात बालमानसशास्त्रापासून मूल्यमापनापर्यंतचे पेपर. मग एखाद्या जुन्या शिक्षिकेच्या हाताखाली वर्षभर सराव आणि सगळ्यात शेवटी दोन परीक्षकांसमोर एक पाठ. तो जमला तर परवाना. शेंबूड पुसता न येणाऱ्या पोरांना जोडाक्षरं शिकवायला एवढा खटाटोप! मी उघडपणे नाक मुरडायची. गंमत अशी की यातली एकही पदवी माझ्याकडे नाही आणि उमेदवार मात्र दर वर्षी माझ्याच गळ्यात.

बहुतेक वेळा विशीतल्या मुली यायच्या. ही पंचेचाळिशी ओलांडलेली होती. उभट चेहरा, इस्त्रीचे कपडे, खांद्याला पिशवी आणि डोळे सतत समोरच्या भिंतीवर. मी म्हटलं, "मुलांना तुमची ओळख करून द्या." ती फळ्यापुढे उभी राहिली, घसा साफ केला आणि म्हणाली, "सर्वांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

वर्ग चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी किंचाळलीच. "बाई, ह्या बसस्थानकवाल्या आहेत!"

खरंच होत्या. आमच्या गावातल्या प्रत्येकानं तो आवाज ऐकला होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे सगळं बसस्थानकावरच्या कर्ण्यातून हीच बाई सांगायची. पोरांना आनंदाचं भरतं आलं. दोघंचौघं नाक दाबून तिच्यासारखं बोलू लागली. ती कानापर्यंत लाल झाली आणि मला मनातून हसू आवरेना. त्या दिवसापासून आमच्या शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव पडलं घोषणा.

डब्याच्या सुट्टीत थोडं थोडं करून तिची गोष्ट कळत गेली. एकदम काही सांगेल असा तिचा स्वभाव नव्हता. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर एक काचेची खोली होती. तिथे ती ऐन तारुण्यापासून बसत होती. समोर ध्वनिक्षेपक, खाली माणसांचा समुद्र. दिवसभर बोलायचं, पण तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मग एक दिवस एका यंत्रात तिचा आवाज भरून घेतला गेला. सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, सगळ्या सूचना. आणि तिला सांगण्यात आलं, उद्यापासून यायची गरज नाही.

"म्हणजे तुम्ही घरी आणि तुमचा आवाज कामावर," मी म्हटलं. जीभ आवरणं मला कधी जमलं नाही.

"हो," ती म्हणाली. "पगार मात्र दोघांनाही नाही." तिला विनोद करता येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण शिक्षिकाच का व्हायचं? या वयात, अर्ध्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून परीक्षा का द्यायच्या? मी विचारलं तेव्हा तिनं डब्याचं झाकण लावलं, मग सांगितलं. एकदा स्थानकावर एक लहान मुलगी हरवली होती. शिपायानं तिला वरच्या खोलीत आणून बसवलं. घोषणेनं कर्ण्यातून तिच्या आईला हाक दिली. आई येईपर्यंत ती पोरगी शेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती आणि सारखी विचारत होती. तू कुणाशी बोलतेस? त्यांना तू दिसतेस का? मग ते उत्तर का देत नाहीत?

"मला काहीच सांगता आलं नाही," घोषणा म्हणाली. "पण बाई, इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर कुणीतरी काहीतरी विचारलं, ते तेवढंच."

 मी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि वह्या तपासायला घेतल्या.

आता खरी अडचण सांगते. तिची ही दुसरी खेप होती. आदल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत तिनं शेवटचा पाठ दिला होता आणि त्यात ती नापास झाली होती. "वर्गाचा सहभाग नाही," असा परीक्षकांचा शेरा होता. नियम असा की शेवटचा पाठ दोनदाच देता येतो. दुसऱ्यांदाही जमला नाही तर परवान्याचा रस्ता कायमचा बंद, मग पदव्युत्तर पदवी भिंतीला लावा नाहीतर पेटीत ठेवा. दोन वर्षांचा अभ्यास, साठवलेलं सगळं आणि उरलेलं आयुष्य तिनं या एका पाठावर लावलं होतं.

आणि तिचा वर्ग बोलत नसे. तिला सगळं येत होतं. पाठाचं टाचण सुरेख, अक्षर मोत्यासारखं, तक्ते असे की मी दोन चोरून ठेवले. पण ती बोलायला लागली की मुलं गाडीची वाट बघत बसलेल्या प्रवाशांसारखी गप्प बसायची. पंधरवडाभर मी मागच्या बाकावर बसून डोकं खाजवलं, तेव्हा कुठे उमगलं. तिचा प्रश्न प्रश्नासारखा वाटतच नव्हता. "पानाला देठ कशासाठी असतो" हे ती "गाडी फलाटावर लागत आहे" याच चालीत म्हणायची आणि लगेच पुढच्या वाक्यावर जायची. उत्तराला जागाच नव्हती.

"अहो, थांबा की जरा!" एक दिवस वर्ग सुटल्यावर मी तिच्यावर डाफरले. "प्रश्न टाकला की थांबायचं. पोरांच्या तोंडाकडे बघायचं. त्यांच्या डोक्यात चाक फिरायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्हाला फार मोठा वाटेल, घाम फुटेल, तरी थांबायचं. आणि उत्तर आलं की शाब्बास म्हणायचं. चुकलेलं असलं तरी बोलल्याबद्दल म्हणायचं."

तिनं मान डोलावली. पुढच्या महिन्यात ती थांबायला लागली. आधी थोडी, मग बरीच. प्रश्न विचारून ती एका बाकाकडे पाहायची, हलकेच मान तिरकी करायची आणि वाट बघायची. मुलंही हळूहळू तोंड उघडू लागली. मी हेडमास्तरांना म्हटलं, "घोषणा सुधारली." माझ्या शिकवण्याचा मला अभिमान वाटला. ती हे कुठे शिकत होती, ते मला नंतर कळलं.

शेवटच्या पाठाची तारीख परीक्षकांनी अचानक अलीकडे आणली. मी तिला फोन लावला, पुन्हा लावला, पण ती उचलेना. म्हणून शाळा सुटल्यावर पत्ता शोधत तिच्या घरी गेले. खाली शिंप्याचं दुकान, शेजारून अरुंद जिना. शिंपी मशीनवरून मान वर न करताच म्हणाला, "वर शिकवणी चाललीय, थांबावं लागेल. पोरं मात्र फार गुणी आहेत हो. जिन्यात कधी कुणाचा पाय वाजत नाही."

जिना चढताना मलाही तिचा आवाज ऐकू आला. "सांग बरं, हे का तरंगलं?" मग शांतता. मग, "बरोबर! शाब्बास. आता तू सांग." पुन्हा शांतता. मला वाटलं, बाईनं शेजारपाजारची मुलं गोळा केलीत. हुशार आहे.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं. खोलीत ती एकटीच उभी होती, हातात संत्रं. तिच्यापुढे अर्धवर्तुळात एक जेवणाची खुर्ची, एक स्टूल, एक उपडी बादली, उभी केलेली एक जुनी सूटकेस आणि खिडकीशी हातांची एक मोठी खुर्ची. सगळ्या रिकाम्या. ती त्या मोठ्या खुर्चीकडे मान तिरकी करून बघत होती.

मला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. संत्रं हातातून सुटून बादलीखाली गेलं. मी वाकून ते काढलं, कारण दुसरं काय करावं तेच सुचेना.

"ही खिडकीतली आईची खुर्ची," तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "शेवटची काही वर्षं तिची वाचा गेली होती. मी विचारायचे, चहा देऊ का? थोडं थांबायचे आणि तिच्या वतीनं मीच म्हणायचे, दे. बरं, देते. असं आमचं दोघींचं चालायचं. ती गेली, पण सवय गेली नाही. तुम्ही थांबायला सांगितलंत, तेव्हा मला वाटलं, हे तर मला येतं."

मी त्या खोलीत इकडेतिकडे पाहिलं. एक कप, एक बशी, दारामागे एकच चपलांचा जोड. माझ्या घरीही तेच आहे, एवढंच की मी कधी असं पाहिलं नव्हतं. माझं नेहमीचं म्हणणं ठरलेलं होतं. दिवसभर पोरांचा गोंगाट सोसल्यावर घरातली शांतता म्हणजे सुख. कुणी विचारो न विचारो, मी हे सांगत असे.

मग मी बादलीवर जाऊन बसले. वजनानं बादली कुरकुरली. मी बोट वर केलं. "बाई, मला शू लागली."

ती बघतच राहिली.

"बाई, हा मला चिमटे काढतो," मी सूटकेसकडे बोट दाखवलं.

तेव्हा ती हसली. हसता हसता खाली बसली आणि मग हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मी म्हटलं, "ऊठ गं. डोळे पूस. पाठ अलीकडे आलाय, परवा आहे. सुरुवातीपासून घे, मी वर्ग होते." तिला मी 'तू' म्हटलं ते तेव्हापासून. अंधार पडेपर्यंत मी द्वाड पोरगी झाले, झोपाळू झाले, उगाच भलतं बोलणारी झाले. तिनं सगळ्यांना शिकवलं. उतरताना शिंपी म्हणाला, "आज पोरं दंगा करत होती वाटतं." मी म्हटलं, "एक नवीन आलीय, वाह्यात आहे."

पाठाचा दिवस उजाडला. दोन परीक्षक आले. एक टक्कल पडलेले, सतत पेनाचं टोपण काढणारे आणि घालणारे. दुसऱ्या बाई तरुण, ताठ, चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवणाऱ्या. दोघं मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. वर्गात त्या दिवशी एक मुलगी तापामुळे आली नव्हती. खिडकीशी बाक मावत नसल्यानं तिथे एक सुटी खुर्ची होती, तीच तिची जागा.

विषय होता तरंगणं आणि बुडणं. टेबलावर काचेचं मोठं भांडं, पाण्यानं भरलेलं. किल्ली, बूच, पान, गोटी. सगळं छान चाललं होतं. ती विचारत होती, थांबत होती, मुलं उत्तरं देत होती. टकल्या परीक्षकांचं टोपण बराच वेळ जागच्या जागी होतं. मग तिनं संत्रं पाण्यात सोडलं. ते तरंगलं. तिनं ते बाहेर काढलं, सोललं, सालं बाजूला ठेवली आणि सोललेलं संत्रं उंच धरून विचारलं, "आता याची साल काढली. हे आधीपेक्षा हलकं झालं. आता ते बुडेल की तरंगेल?"

कुणीच बोललं नाही. प्रश्न अवघड होता, मुलं खरोखरच विचारात पडली होती. ती थांबली. मान तिरकी करून खिडकीकडे पाहत राहिली. त्या रिकाम्या खुर्चीकडे. मी मनात म्हटलं, अगं तिकडे नको. पण ती थांबली होती तशीच थांबली. आणि मग मऊ आवाजात म्हणाली, "बरोबर. शाब्बास."

सगळा वर्ग त्या खुर्चीकडे वळला. खुर्चीवर कुणी नव्हतं. ताठ परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहायला सुरुवात केली. 

घोषणेनंही ती खुर्ची आता पाहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. काहीतरी थाप मारून वेळ निभावता आली असती. मी असते तर मारली असती. ती मात्र संत्रं टेबलावर ठेवून म्हणाली, "माझं चुकलं. मी घरी एकटीच असते ना, तर रिकाम्या खुर्च्या मांडून त्यांना शिकवायचा सराव करते. खुर्च्या बोलत नाहीत. म्हणून मी थोडं थांबते आणि त्यांच्या वतीनं मीच शाब्बास म्हणते. आत्ताही तसंच झालं."

कुणी हसलं नाही. या वयाची मुलं असल्या गोष्टींना हसत नाहीत, त्यांना ते अगदी सरळ वाटतं. मग पहिल्या दिवशी जी किंचाळली होती तीच मुलगी उभी राहिली. "पण बाई, खुर्ची म्हणाली काय? बुडेल का तरंगेल?"

घोषणेनं तिच्याकडे पाहिलं. या वेळी थांबायची पाळी खरोखरच तिची होती. "खुर्ची म्हणाली," तिनं सावकाश सांगितलं, "बुडेल."

"चूक!" अर्धा वर्ग उठून उभा राहिला. "हलकं झालंय ना! हलकं बुडत नाही! बाई, खुर्चीला काही येत नाही!" एकानं खुर्चीची बाजू घेतली. दुसऱ्यानं त्याला ढकललं. असा कालवा माझ्या वर्गात माझ्या हयातीत झाला नव्हता. घोषणेनं संत्रं पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला जाऊन बसलं.

क्षणभर सगळे आ वासून बघत राहिले. मग ज्याला त्याला 'का' हे आधी विचारायचं होतं. सालीत काय होतं? सालीत हवा असते का? नुसती साल टाकून बघू या? टकले परीक्षक बाकावरून उठून भांड्यापाशी जाऊन उभे राहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

निकाल लागला. घोषणा पास झाली. ताठ बाईंचा शेरा मी वाचला. "उमेदवाराने चूक मान्य केली. वर्गाचा सहभाग उत्तम." घोषणेनं तो पुन्हा पुन्हा वाचला. मग माझा हात धरून ठेवला. कळवायला तिला दुसरं कुणी नव्हतं आणि मला ते आधीच माहीत होतं.

त्याच वर्षअखेरीस मी निवृत्त झाले. हे ठरलेलंच होतं, पण हेडमास्तरांनी माझा वर्ग कुणाला द्यायचा हे ठरवलं नव्हतं. आता ठरलं. मी तिला कपाटाची किल्ली दिली, कुठली खिडकी अडकते ते सांगितलं आणि चोरलेले दोन तक्ते परत केले. घरी जाताना मला वाटलं, चला, आता शांतताच शांतता.

सुरुवातीला ती फोन करायची. अमुक मुलगा असं म्हणाला, तमकी तसं म्हणाली. तासन्‌तास सांगायची आणि मी ऐकायची. मग फोन कमी झाले. यात तिचा दोष नाही. पोरं संध्याकाळपर्यंत माणसाला पिळून काढतात, घरी आल्यावर बोलावंसं वाटत नाही. मीही तशीच होते. मला कुणी फोन केला तर मी तुटकपणे बोलायची आणि ठेवून द्यायची. आता त्या सगळ्यांची आठवण येते.

घरातली शांतता सुख देते असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, ते आता भेटले तर बरं होईल. त्यांना सांगेन की ते खोटं होतं. दिवसभर गोंगाट असला तरच संध्याकाळी शांतता गोड लागते. सकाळपासूनच शांतता असली तर ती नुसती घरभर साचत जाते. मी एकदा स्वयंपाकघरातून मोठ्यानं विचारलं, "चहा टाकू का?" आणि थांबले. तिच्यासारखं स्वतःच "टाक" म्हणायचं धाडस मला झालं नाही.

म्हणून हल्ली मी दुपारी बसस्थानकावर जाते. मला कुठेही जायचं नसतं. कर्ण्याखाली एक बाक आहे, तिथे बसते. तो जुना, सपाट, कुणाकडेही न पाहणारा आवाज अजून तसाच आहे. परवा तो म्हणाला, "प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी." माझ्याकडे सामान म्हणून एक पर्स तेवढी होती. तरी तोंडातून निघून गेलं, "घेते गं, पण तू कधी..."

शेजारच्या माणसानं चमकून पाहिलं आणि तो थोडा सरकून बसला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच कर्ण्यातून तिनं पुढची गाडी सांगितली. तो आवाज भरून घेतला तेव्हा तिला थांबायला कुणी शिकवलं नव्हतं.